आईच्या अक्षरातील टॅटू शरीरावर कोठे काढावा, म्हणजे वीस वर्षांनीही वाचता येईल?

शहापूरची_लेक

नमस्कार. मी बेळगावातील शहापूर भागात राहते आणि एका रक्त तपासणी प्रयोगशाळेत काम करते. माझी आई गेली त्याला आता दोन वर्षे होतील. मी शाळेत असताना ती रोज डब्याच्या झाकणाखाली एक चिठ्ठी ठेवीत असे आणि तिच्यावर बहुतेक वेळा दोनच शब्द असत, ‘सावकाश जेव’. मधल्या सुट्टीत चार घास कसेबसे कोंबून खेळायला पळण्याची माझी सवय तिला ठाऊक होती. त्या चिठ्ठ्यांपैकी एकच आज माझ्याजवळ उरली आहे, कंपासपेटीच्या तळाशी घडी घालून राहिलेली. ते दोन शब्द मला तिच्याच अक्षरात, तिच्या हाताच्या वळणासकट, अंगावर गोंदवून घ्यायचे आहेत.

चिठ्ठीवरील अक्षरे जेमतेम चार मिलिमीटर उंचीची आहेत आणि दोन्ही शब्द मिळून साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबी भरते. त्याच मापात ते डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूस काढावेत असे मी ठरवले होते. अनामिकेच्या कडेवर एकेक शब्द काढावा असाही विचार मनात आला होता, कारण हल्ली तशी छायाचित्रे पुष्कळ दिसतात. दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी ‘कोठेही सांगा, करून देतो’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या ठिकाणी मनगट आणि बोट या दोन्ही जागांना नकार मिळाला, पण त्यामागचे कारण कोणी नीट सांगितले नाही.

माझ्या मनात शंका आली ती आज्जीचे हात आठवून. सौंदत्तीच्या यात्रेत तिने लहानपणी गोंदवून घेतले होते. हाताच्या आतल्या बाजूस तुळस आणि पंजाच्या पाठीवर ठिपके, एकाच दिवशी, एकाच बाईकडून, एकाच काजळीने. ती ऐंशीची झाली तेव्हाही तुळशीची पाने मोजता येत होती, पण पंजावरील ठिपक्यांचा मात्र एक हिरवट डाग झाला होता. म्हणजे फरक शाईचा नसून जागेचा असणार, असे मला वाटते. माझे दिवसभराचे काम हातमोजे घालून असते, दर थोड्या वेळाने हातांना सॅनिटायझर लावावे लागते आणि जाण्यायेण्यासाठी रोज स्कूटर चालवते. या सगळ्याचा विचार करता कोणती जागा योग्य ठरेल, आणि तेवढ्या लहान अक्षरांचा हट्ट धरावा की सोडावा? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सुईशाई

ताई, आपण आज्जींच्या हातावरून जे अनुमान काढले आहे ते बरोबर आहे. मी बेळगावात बारा वर्षे टॅटू काढण्याचे काम करतो आणि ग्राहकांशी माझी सर्वांत जास्त बोलणी होतात ती चित्रावरून नव्हे, जागेवरूनच. आपल्याला कारणे हवी आहेत, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत गळत आणि नव्याने बनत असतो. साधारण महिनाभरात तो पुरता बदलतो. मेंदी त्या वरच्या थरात बसते आणि म्हणूनच पंधरवड्यात जाते. टॅटूची शाई मात्र त्याखालच्या थरात, पृष्ठभागापासून एक ते दोन मिलिमीटर खोल सोडावी लागते. तेथे शरीरातील भक्षक पेशी तिचे कण परके समजून गिळतात आणि पोटात धरून बसतात. त्यातील एखादी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते; फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. या उचलाउचलीत काही कण थोडे सरकतात आणि काही लसिकेबरोबर (लिम्फ, म्हणजे पेशींमधून वाहणारा पातळ द्रव) वाहून लसिकागाठींकडे जातात. त्यामुळे कोणतीही रेषा वर्षानुवर्षे किंचित रुंद आणि किंचित फिकी होतच राहते, मग ती कोठेही असो. ऊन, घर्षण आणि कातडीची घडी या तिन्ही गोष्टी जेथे जास्त, तेथे बिघाड लवकर दिसू लागतो.

मेंदीवरून आणखी एक गोष्ट सहज समजेल. मेंदी सर्वांत जास्त रंगते ती तळहातावर, कारण तेथील वरचा थर सर्वांत जाड असतो. टॅटूसाठी मात्र तळहात आणि बोटांच्या कडा याच सर्वांत वाईट जागा ठरतात, आणि त्याचे कारणही तोच जाड थर. सुई कमी गेली तर शाई गळत्या थरातच राहते आणि जखम भरताना खपलीबरोबर निघून जाते. थोडी अधिक गेली तर ती चरबीत उतरते आणि रेषेभोवती निळसर सावली पसरते. या दोहोंमधील अंतर बोटाच्या कडेवर इतके थोडे असते की सराईत हातालाही तेथे सर्वत्र सारखी रेषा मिळत नाही. बोटावरील अक्षरे वर्ष-दीड वर्षात तुटक झालेली मी इतक्यांदा पाहिली आहेत, की आईचे अक्षर तेथे काढून देण्याचे पैसे मी तरी घेणार नाही.

मनगटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील आतल्या बाजूची कातडी पातळ असते, खालच्या शिरा दिसतात, आणि शाई पसरून सावली येण्याची भीती तेथे अधिक असते. त्यातच हाताच्या मुळाशी दोन-तीन घड्या असतात, ज्या आपण दिवसातून हजारदा दुमडतो. त्या घड्यांवर किंवा त्यांच्या अगदी लगत आलेली अक्षरे आधी बिघडतात. घड्याळाचा पट्टा, बांगड्या आणि आपल्या बाबतीत हातमोज्याची कडा, या सगळ्यांची घासणी नेमकी त्याच पट्ट्यावर होते. सॅनिटायझरची मात्र फार चिंता करू नका. तो वरच्या थरावर काम करतो, खाली बसलेली शाई त्याने धुतली जात नाही. धोका आहे तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, जखम ओली असताना. त्या काळात मनगटावर दिवसभर सॅनिटायझर आणि घामट हातमोजा लागत राहिला, तर खपली अवेळी निघेल आणि तिच्याबरोबर शाईही जाईल.

आता उन्हाविषयी, कारण आपल्या भागात याच गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि हवा थंड असल्यामुळे ऊन लागत आहे असे आपल्याला वाटतच नाही. पण शाईचे कण फोडतात ते अतिनील किरण, उष्णता नव्हे, आणि ते किरण ढगाळ दिवशीही बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतात. स्कूटर चालवताना हँडल धरलेल्या हातांच्या पाठी आणि कोपरापुढील हाताची बाहेरची बाजू सरळ आकाशाकडे असते, तर आतली बाजू जमिनीकडे किंवा अंगाकडे असते. आपल्या आज्जींची तुळस टिकली आणि ठिपके विरले, याचे निम्म्याहून अधिक कारण मला यातच दिसते. उरलेले कारण धुणीभांडी आणि चुलीची राख.

या हिशेबाने ज्या जागांवर काम चांगले राहते असे मी खात्रीने सांगू शकतो, त्या म्हणजे कोपरापुढील हाताच्या आतल्या बाजूचा वरचा भाग, दंडाची आतली बाजू, पाठीचा वरचा भाग आणि पोटरी. बरगडीवरही काम छान राहते, पण काढताना वेदना फार होतात. कोपर, गुडघा आणि पावलाची पाठ या जागा मी अक्षरांसाठी नाकारतो. कोपर व गुडघा कातडीच्या घड्यांमुळे आणि पाऊल चपलेच्या पट्ट्यामुळे.

आता अक्षरांच्या आकाराकडे येतो, कारण जागा कितीही चांगली निवडली तरी चार मिलिमीटरची देवनागरी अक्षरे टिकत नाहीत. आपलेच दोन शब्द घ्या. ‘सावकाश जेव’ यात ‘व’ दोनदा येतो. त्याच्या पोटातील मोकळी जागा चार मिलिमीटरच्या अक्षरात जेमतेम एक मिलिमीटर उरते. दहा वर्षांत दोन्ही बाजूंच्या रेषा थोड्या थोड्या रुंदावल्या, की ते पोट बुजते, आणि मग तेथे ‘व’ आहे की ‘ब’ हे आपल्यावाचून कोणाला सांगता येणार नाही. ‘क’ची डावी गाठ आणि ‘श’ची वरची गाठ यांचेही तेच होईल. रोमन लिपीतील लहान अक्षरांची छायाचित्रे पाहून लोक माझ्याकडे येतात, पण आपल्या लिपीत शिरोरेषा आहे, गाठी आहेत, काने-मात्रा आहेत, आणि एकाच अक्षरात चार-पाच ठिकाणी रेषा रेषेला भिडते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक तर एवढ्याशा फटीवर उभा आहे. माझा स्वतःचा नियम असा आहे की देवनागरी अक्षर निदान दहा मिलिमीटर उंच असावे आणि अक्षरातील सर्वांत अरुंद मोकळी जागा रेषेच्या जाडीच्या दुपटीहून कमी नसावी.

म्हणून माझी सूचना अशी: चिठ्ठीची प्रत तिप्पट मोठी करून घ्यावी. अक्षरे बारा मिलिमीटर होतील, दोन्ही शब्दांची लांबी दहा सेंटिमीटरच्या आसपास येईल, आणि ती ओळ डाव्या हाताच्या आतल्या बाजूस, कोपराच्या घडीपासून चार बोटे खाली सुरू होऊन मनगटाच्या दिशेने हाताच्या लांबीत काढता येईल. दंडाची आतली बाजू हा दुसरा उत्तम पर्याय आहे, कारण तेथे ऊन जवळजवळ पोहोचतच नाही. तत्पूर्वी एक साधा प्रयोग करून पाहा. सकाळी आंघोळीनंतर बॉलपेनाने मनगटावर, बोटाच्या कडेवर आणि या दोन्ही जागांवर एकेक ‘व’ काढा, दिवसभर नेहमीची कामे करा आणि रात्री पाहा. पेनाची शाई आणि टॅटू यांत फरक आहे हे खरे, पण आपल्या अंगावर घासणी आणि पाणी नेमके कोठे लागते हे त्यातून कोणाच्याही सल्ल्यापेक्षा स्पष्ट दिसेल.

निपाणी_परिचारिका

मी निपाणीची. परिचारिका म्हणून तीस वर्षे काम करून आता निवृत्त झाले आहे आणि त्यांतील बराच काळ त्वचारोग विभागात गेला. वरील उत्तर मला पटले, पण दंडाच्या आतल्या बाजूविषयी मी थोडी वेगळी बाजू मांडू इच्छिते. तेथे ऊन लागत नाही हे खरे असले, तरी बाईच्या शरीरावर वयाच्या पन्नाशीनंतर जी कातडी सर्वांत आधी सैल होते, तिच्यात दंडाची आतली बाजू येते. वजन वाढून पुन्हा उतरले तर तो भाग अधिकच लोंबतो. शाई काळीभोर राहील, परंतु ओळ खाली ओघळल्यासारखी दिसू शकेल. त्या मानाने कोपरापुढील हाताचा आकार विशीत आणि साठीत फारसा बदलत नाही. पोट आणि कंबर या जागांविषयी तर बोलायलाच नको. बाळंतपणात कातडी ताणली जाऊन तिच्यावर भेगांसारखे व्रण उमटले, तर ते रेषांमधूनच जातात.

दुसरी गोष्ट व्रणांची. काही लोकांच्या जखमा भरताना तेथील कातडी गरजेपेक्षा जास्त वाढते आणि कडक, उंच, खाजरा व्रण तयार होतो. छातीचा मधला भाग, खांदा, दंडाचा वरचा बाहेरचा भाग आणि कानाची पाळी येथे हा प्रकार अधिक आढळतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत त्याचे प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असते. आपल्या डाव्या दंडावरील बीसीजी लसीचा व्रण पाहा. तो सपाट किंवा खोलगट असेल तर फारशी चिंता नाही. पण तो गाठीसारखा वर आलेला, चकचकीत आणि अधूनमधून खाजणारा असेल, तर टॅटूपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसा व्रण अक्षरांवर आला, तर जागा कितीही सावलीतली असली तरी काही उपयोग नाही. अंगावर तीळ असेल तर तोही मोकळा सोडावा, कारण शाईखाली झाकलेल्या तिळात पुढे बदल झाला तर तो वेळेवर दिसत नाही.

लेसरने काढून टाकण्याचा प्रसंग आपल्यावर येऊ नये, पण जागेचा संबंध तेथेही आहे म्हणून सांगते. लेसर शाईचे कण बारीक करतो आणि ते वाहून नेण्याचे काम शरीरालाच करावे लागते. त्यामुळे जेथे रक्त आणि लसिका यांचा प्रवाह चांगला, तेथील टॅटू लवकर जातो. किती बैठका लागतील याचा अंदाज बांधण्यासाठी २००९ मध्ये मांडलेली किर्बी-देसाई मोजपट्टी वापरतात. तिच्यात जागेलाही गुण आहेत. डोके व मान सर्वांत सोपी, तर हातापायांची टोके सर्वांत कठीण. म्हणजे ज्या बोटांवर टॅटू नीट राहत नाही, तेथूनच त्याची उरलेली खूण घालवणेही सर्वांत जिकिरीचे होते.

रंगांविषयी आपण विचारले नाही, पण आपल्या त्वचेचे रंगद्रव्य शाईच्या वरच्या थरात असते, म्हणून प्रत्येक रंग आपल्याला तपकिरी काचेतून पाहिल्यासारखा दिसतो. पिवळा आणि पांढरा त्यात हरवतात. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा अधिक पाहिली आहे. आईच्या अक्षराला काळी शाईच योग्य.

येळ्ळूरचा_टेम्पोवाला

मी येळ्ळूरचा. भाजीचा टेम्पो चालवतो. माझ्या चुकीतून कोणाला उपयोग झाला तर बरे, म्हणून लिहितो आहे. सहा वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या आदल्या आठवड्यात मी उजव्या दंडावर राजमुद्रा काढून घेतली. ज्यांनी काढली त्यांचे नाव घेणार नाही. मुद्रा लहान हवी हा आग्रह माझाच होता. महाराजांच्या त्या मुद्रेत बत्तीस अक्षरे आहेत आणि त्यांत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ किंवा ‘वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ यांसारखी जोडाक्षरांनी भरलेली पदे आहेत. ती सगळी अक्षरे मी पाच सेंटिमीटरच्या अष्टकोनात बसवून घेतली. पहिले वर्षभर गावात सर्वांनी कौतुक केले. आज त्यातील ‘मुद्रा’ हा शब्द आणि अष्टकोनाची कड एवढेच वाचता येते, आणि ‘ष्णु’च्या जागी तर केवळ एक काळा ठिपका उरला आहे. ज्या अक्षरांसमोर आपण मान लवतो ती आपल्याच अंगावर अशी झालेली पाहून मला मनापासून वाईट वाटते.

पण जागेच्या प्रश्नावर मला जे दाखवायचे आहे ते वेगळेच आहे. माझ्या अर्ध्या बाहीच्या शर्टाची कड बरोबर त्या अष्टकोनावरून जाते. गाडी चालवताना उजवा हात खिडकीवर असतो आणि बाही वर सरकते. आज शर्ट काढला की त्या मुद्रेचे दोन तुकडे दिसतात; बाहीखालचा वरचा भाग अजून काळा आहे आणि उघडा राहणारा खालचा भाग पाटीवरची पेन्सिल ओल्या बोटाने पुसावी तसा राखाडी झाला आहे. मधली सीमा सुताने आखल्यासारखी सरळ आहे. एकच कातडी, एकच शाई, एकच सुई, आणि दोन बोटांच्या अंतरावर एवढा फरक. हे मी स्वतःच्या अंगावर रोज पाहतो, त्यामुळे ताईंना कळकळीने सांगतो की जी जागा आपल्या नेहमीच्या कपड्यांत झाकली जाते किंवा सावलीत राहते तीच निवडा, आणि उघडी राहणार असेल तर निदान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन रोज लावा. मी ते तीन वर्षे उशिरा सुरू केले.

आणखी एक गोष्ट, आपल्या भागातील मुलांसाठी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने गावोगावची मुले पहाटे भरतीसाठी धावताना दिसतात, आणि त्यांतील अनेकांना दंडावर किंवा छातीवर काहीतरी गोंदवण्याची हौस असते. सैन्यभरतीच्या नियमांत कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या पाठीवर चालतो. इतरत्र असल्यास उमेदवार बाद होतो. परंपरेने गोंदण असणाऱ्या आदिवासी उमेदवारांपुरता अपवाद आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तर आतली बाजूही डाव्याच हाताची लागते, कारण उजवा हात सलामीचा. माझ्या पुतण्याला मी याच कारणासाठी थांबवले. त्या दोन जागांपैकी पंजाच्या पाठीवर काय होते हे ताईंच्या आज्जींनी दाखवून दिलेच आहे, त्यामुळे भरतीच्या दृष्टीने आणि टिकण्याच्या दृष्टीने हाताची आतली बाजूच बरी ठरते.

खानापूर_शिवार

माझे वय पासष्ट आहे, नातवाकडून टंकून घेत आहे. आमच्या खानापूर भागातील बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर मी जन्मभर गोंदण पाहिले. माझ्या सासूबाई सांगत, ‘कपाळावरचं मरेस्तोवर ऱ्हातंय, बांगडीखालचं बांगडी खाती.’ त्यांच्या मनगटावर नाव गोंदलेले होते आणि ते खरोखरच बांगड्यांच्या घासणीत गेले होते. कपाळाला तर दिवसभर ऊन लागते, तरीही तेथील चंद्रकोर आणि ठिपका शेवटपर्यंत दिसत असे. याचे कारण मला असे वाटते की ते ठिपके मोठे आणि सुटे असत. तीन-चार सुया एकत्र बांधून टोचत, त्यामुळे बारीक कलाकुसर शक्यच नव्हती, आणि बिघडण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

ताई, एक सांगते. हे काम पावसाळ्यात करू नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, रेनकोटाखाली हात दिवसभर दमट राहतो, आणि रोप लावणीला चिखलात उतरणाऱ्या मुलींनी पायावर गोंदवून घेऊन पाय पिकवून घेतलेले मी पाहिले आहेत. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा करा. आणि मला एक विचारायचे होते, की काजळी तर काळी असते, मग सगळ्यांचे गोंदण शेवटी हिरवे का दिसते?

सुईशाई

मावशी, आपल्या सासूबाईंचे ते वाक्य मी माझ्या दुकानात लिहून ठेवणार आहे. सुट्या आणि ठळक खुणा उन्हातही का टिकतात, याचे आपण दिलेले कारण अगदी योग्य आहे. हिरवटपणाचे कारण असे की शाई खोल असते आणि तिच्यावर कातडीचा पडदा असतो. प्रकाशातील लाल भाग खोल जाऊन काळ्या कणांत शोषला जातो, तर निळसर भाग वरच्या वरच विखरून परत डोळ्यांकडे येतो. त्यामुळे काळा रंग निळसर-हिरवा भासतो. कण जितके खोल आणि विरळ, तितकी ही झाक अधिक. शहापूरच्या ताईंनीही हे आधीच मनाशी धरावे, की वीस वर्षांनी आईचे अक्षर चिठ्ठीसारखे काळे दिसणार नाही.

निपाणीच्या ताईंचे दंडाविषयीचे म्हणणे मी मान्य करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पंचविशीचे असतात, त्यामुळे साठीतला दंड माझ्या डोळ्यांसमोर कमी येतो.

शहापूरची_लेक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुईशाई दादांनी सांगितलेला प्रयोग सलग तीन दिवस केला. बोटाच्या कडेवरील ‘व’ दुपारच्या डब्यापर्यंतही राहिला नाही. मनगटावरचा संध्याकाळी हातमोज्याच्या कडेच्या रेषेत बरोबर मधोमध पुसला गेला होता, वरचा अर्धा दिसत होता आणि खालचा नाही. कोपराखालच्या आतल्या बाजूचा मात्र तिन्ही दिवस रात्री झोपताना जसाच्या तसा होता. बीसीजीचा व्रण पाहिला, तो सपाट आहे.

चिठ्ठीची प्रतही खडेबाजारातील झेरॉक्सच्या दुकानातून तिप्पट मोठी करून आणली. ती पाहताना एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. ‘जेव’ मधील मात्रा आईने शिरोरेषेला टेकवलेलीच नाही; ती वर वेगळी, जराशी उजवीकडे कललेली आहे. इतकी वर्षे चिठ्ठी जवळ असून मला हे दिसले नव्हते. आता प्रश्न एवढाच आहे, की ही फट पुढे बुजेल का? बुजणार असेल तर मात्रा आधीच टेकवून घ्यावी, असे दुकानातील मुलाने सुचवले. मला ते करवत नाही.

सुईशाई

टेकवू नका. प्रतीवर पट्टी ठेवून ती फट मोजा. दीड मिलिमीटर किंवा अधिक भरली, तर बारीक सुईने, कोपराखालच्या त्या जागेवर, ती उघडी राहील असे मी सांगू शकतो. कमी भरली, तर प्रत आणखी थोडी मोठी करू. हाताच्या लांबीत अजून चार-पाच सेंटिमीटर जागा आहे. ज्यांच्याकडे काढून घ्याल त्यांना स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्यापूर्वी कातडीवर उमटवायचा आराखडा, लावताना हात टेबलावर दाबून उताणा न धरता, उभे राहून सहज खाली सोडून ठेवायला सांगा, कारण पंजा फिरवला की त्या भागाची कातडीही पिळवटते आणि सरळ लावलेली ओळ नंतर तिरपी दिसते.

शहापूरची_लेक

मोजली. पावणेदोन मिलिमीटर आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याची वेळ ठरवली आहे.